नाकमुरड्यांची फेरी

इमारतीतली पोरंटोरं त्यांना मागून नाकमुरडे म्हणत, आणि खोटं कशाला बोला, नाव अगदी शोभत होतं. उभा जन्म लाँड्रीच्या काउंटरवर गेलेला. आलेला कपडा दिव्याखाली उलटासुलटा करायचा, डाग हुडकायचा आणि त्याभोवती खडूने गोल काढायचा, म्हणजे पुढे गिऱ्हाईक 'हा डाग तुम्हीच पाडलात' म्हणत अंगावर यायला नको. नोकरी सुटली, नजर काही सुटली नाही. जगात त्यांना दिसे ती फक्त घाण.

बायको नेमकी उलटी. रोज संध्याकाळी ती त्यांना ओढून फिरायला नेई. आणि कुठे? बाग नाही, तळं नाही; भुयारी रस्ता, मंडईचं मागचं दार, बस डेपोची भिंत, असल्या भिकार जागा. तिथे ती शांतपणे उभी राही, देवळात उभी असल्यासारखी.

"अहो, बघा तरी," ती म्हणे.

"शी! काय बघू?" हे म्हणत आणि नाकाला रुमाल लावत.

मग ती जिन्यात पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, हाड जुळलंही. पण बाई पलंगावरून उठायचं नाव घेईना. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, आता उभ्या राहिल्या नाहीत तर कायमच्या अंथरुणाला खिळतील. मुलीने वडिलांना स्वयंपाकघरात गाठलं.

"बाबा, तुम्ही एकटे जात जा फिरायला. आणि आल्यावर आईला काहीतरी छान सांगा. तिला बाहेर जावंसं वाटलं पाहिजे."

छान! आणि ह्यांच्या तोंडून! तरी बिचारे गेले. भुयारी रस्त्यात मुताचा असा भपकारा, की डोळ्यांत पाणी यावं. मंडईमागे सडक्या कोबीवर माशा घोंघावत होत्या आणि खालून कसलंसं हिरवट पाणी वाहत होतं. उलटी आवरत ते घरी आले आणि म्हणाले, "आज भुयारी रस्ता इतका प्रसन्न वाटला म्हणून सांगू!"

बायकोने भिंतीकडे तोंड फिरवलं. मग रोज तेच. हे गोड बोलत, ती भिंत बघे. बाहेरच्या घाणीपेक्षा त्यांना स्वतःच्या थापांचीच जास्त शिसारी यायला लागली.

एका संध्याकाळी डेपोच्या भिंतीपाशी त्यांचा पाय घसरला आणि घोट्यापर्यंत आत गेला. कशात, ते न सांगितलेलंच बरं. घरी येऊन साबणाने पाय घासघासून धुतला, तरी वास जाईना. मग मात्र त्यांचा बांध फुटला.

"शी शी शी! गावभरची घाण आणून त्या भिंतीशी ओततात! आणि भिंत तरी कसली? वरपासून खालपर्यंत काळे ओघळ. येणारा जाणारा थुंकतो, वर बसचा धूर. असला कपडा कोणी काउंटरवर आणला असता, तर तोंडावर फेकला असता मी! आणि तुला म्हणे ती आवडते. धन्य आहे तुझी!"

बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली. पलंगावरून हसू ऐकू आलं. तिने मान इकडे वळवली होती.

"आलात एकदाचे घरी," ती म्हणाली. "इतके दिवस कोण येऊन गुळगुळीत बोलत होतं, कोण जाणे. मला वाटलं, ही आता मरणार म्हणून गोड बोलताय."

ते ओला पाय पंचाने पुसत पलंगाशी येऊन बसले.

"आणि ओघळ काळे नाहीत हं. ऊन कलतं तेव्हा तांबूस दिसतात."

"काळेच आहेत."

"तांबूस."

"अगं, उभा जन्म डाग बघण्यात गेला माझा!"

"डाग बघितलेत. भिंत कधी बघितलीत? तो कोपऱ्यात पडलेला वॉकर आणा इकडे. आज दारापर्यंत जाऊ. चार दिवसांनी खाली नेते आणि दाखवते."

त्यांनी वॉकर आणला. तिने पलंगावरून खाली पाय सोडले, आणि त्यांच्या तोंडून सवयीने निघालंच, "थांब, थांब! तिथे नको टेकवूस. फरशी घाण आहे."

"मग पुसा की," ती म्हणाली, आणि पुसायची वाट न बघता उभी राहिली.