पेटीतली पहिली चार

माझी आत्या कुणावर विश्वास ठेवायची नाही. दुकानातला तराजू, डॉक्टरची गोळी, शेजारणीचं हसू, सगळ्यात तिला काहीतरी काळंबेरं दिसायचं. मी तिची सख्खी भाची. आम्ही एकाच घरात राहायचो, एकाच डुक्करफार्मवर कामाला जायचो, तरी कपाटाची किल्ली ती स्वतःच्या कमरेलाच ठेवायची. मला राग यायचा. पण व्यायला आलेल्या डुकरिणी सांभाळण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, हेही तितकंच खरं.

पिल्लू बाहेर पडलं की पुसायचं, नाळेला औषध लावायचं आणि दिव्याखालच्या उबदार पेटीत ठेवायचं, ही तिची रीत. आई कूस बदलताना पिल्लं चिरडते, म्हणून शेवटचं पिल्लू येईपर्यंत एकालाही तिच्याजवळ जाऊ द्यायचं नाही. मग सगळी एकदम दुधाला. या पेटीचा तिला भारी अभिमान.

तरी त्या वर्षी पिल्लं मरू लागली. आठवडा उलटला की जुलाब, आणि दोन दिवसांत खेळ खलास. आत्याचा संशय गेला लांब्यावर. लांब्या म्हणजे फार्म धुणारा ताडमाड माणूस.

"आजारी कप्प्यातले बूट घालून तसाच इकडे येतो मेला," आत्या म्हणायची. "आणि माझी धडधाकट पिल्लं उचलून शेजारची मरतुकडी इथे आणून टाकतो."

हे तिने मालकिणीच्या कानावर घातलं. मालकिणीने लांब्याला बजावलं, आणखी एका वेताची पिल्लं अशीच गेली तर त्या आठवड्याच्या शनिवारपासून येऊ नकोस. लांब्याला दोन शाळकरी मुली, आई अंथरुणाला खिळलेली. माझा जीव तुटला, पण आत्यापुढे तोंड कोण उघडणार?

अदलाबदल रंगेहाथ पकडायची म्हणून पुढच्या वेताला आत्याने जन्माच्या क्रमाने पिल्लांच्या पाठीवर जांभळ्या शाईने आकडे घातले, एक ते बारा. रोज दोनदा तपासायची, पुसट झालेले गिरवायची. एकही पिल्लू बदललं नाही. मात्र नवव्या दिवशी दोन नंबरचं गेलं, मग एक आणि चार, आणि शुक्रवारी सकाळी तीन नंबरचं. बाकीची आठ आईला लुचत होती.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. मेलेल्या चौघांचे आकडे पाहून त्यांनी विचारलं, "पहिलं पिल्लू जन्मल्यावर किती वेळाने दुधाला लावलं?"

"पाच तास झाले असतील. सगळी एकदमच लावते. डावं-उजवं करत नाही मी."

"मावशी, डुकरिणीच्या पोटात असताना पिल्लाला रोगाशी लढायची ताकद मिळतच नाही. ती येते पहिल्या दुधातून, चिकातून. चीक तासातासाला कमजोर होतो. पिल्लाच्या आतड्यालाही ती ताकद पहिल्या दिवसापुरतीच आत घेता येते, तीही दर तासाला कमी कमी. शेवटची पिल्लं लगेच प्यायली. पहिली चार उपाशी बसून गळाठली, मग सडापाशी धक्काबुक्की कशी करणार? जन्मलं की लगेच पाजा. चिरडू नये म्हणून शेजारी बसा."

"हे खरं कशावरून?" आत्याने विचारलंच. पण आकडे तिच्याच हातचे होते. त्यांच्यावर संशय कसा घेणार? ती त्या पेटीपाशी खाली बसली. इतकी केविलवाणी मी तिला कधी पाहिली नव्हती.

बाई पुढच्या फार्मवर गेल्या. मालकिणीला यातलं काही ठाऊक नव्हतं. लांब्या बाहेर फरशी घासत होता, उद्या आपण इथे नसणार हे धरूनच. आत्याने त्याच्याकडे पाहिलं. मग उठली आणि तडक मालकिणीच्या खोलीत गेली.

"त्याचा काही दोष नाही," दारातूनच तिचा आवाज आला. "पिल्लं माझ्या पेटीने मारली."

घरी जाताना फाटकापाशी थांबून तिने माझ्याकडे रोखून पाहिलं.

"मी बोलले नसते, तर तू सांगितलं असतंस ना?"

"हो," मी म्हटलं.

मी सांगितलं नसतं. आणि ते तिला माझ्या तोंडावर दिसलं.