गाईडातला शेवट

आमच्या सरांचा मला आजही संताप येतो, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा.

१९९७ साली आम्ही हिंगोलीत बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो, इंग्रजी घेऊन. अभ्यासाला एक जुनी अमेरिकन कादंबरी होती. ती वाचायची असते, हे कुणाच्या गावीही नव्हतं. सर गाईडातली उत्तरं सांगायचे, आम्ही उतरवून घ्यायचो. नायिकेचा एकटेपणा, मुद्दे सहा. नायिकेचं स्वप्न, मुद्दे पाच. मूळ पुस्तक ग्रंथालयाच्या कपाटात कुलूप लावून ठेवलेलं.

ते मागून घेतलं एकट्या पल्लवीनं. ती हिंगोलीजवळच्या गोरेगावची. तिची आई पद्माबाई आमच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होती. या वर्षी पास झालीस तर बी.एड., नाहीतर लग्न, असं बापानं, पुंजाजीनं, निक्षून सांगितलेलं.

शब्दकोश घेऊन पल्लवी तीन महिने त्या पुस्तकाशी झगडली. एका मोठ्या शेतावर तीस गड्यांना रांधून घालणारी बाई, सगळे उठल्यावर एकटीच जेवणारी. स्वतःची खानावळ काढायचं तिचं स्वप्न. संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता पल्लवी ही गोष्ट आईला सांगायची. खानावळ शेवटी होत नाही, हे ऐकून पद्माबाई म्हणाली, "बराबर लिवलं त्यानं." तीही रोज सगळ्यांच्या मागून, एकटीच जेवायची.

गाईडात मात्र खानावळ थाटात निघाली होती! लिहिणाऱ्या शहाण्यानंही पुस्तक उघडलं नव्हतं.

सराव परीक्षेत पल्लवीनं खरा शेवट लिहिला. सरांनी उत्तरावर लाल काट मारली. ती पुस्तक घेऊन त्यांच्याकडे गेली, मला सोबत नेलं. शेवटचं पान दाखवलं. सरांनी ते पाहिलं आणि पुस्तक मिटलं.

"असेल. पण पेपर तपासणारा गाईड बघतो. तुला पास व्हायचंय ना?"

चोर तो चोर, वर शिरजोर. मी बोलायला हवं होतं. मी मुकाट उभी राहिले, कारण गाईड मला तोंडपाठ होतं.

मार्चमध्ये नेमका तोच प्रश्न आला. निकाल लागला तेव्हा मला त्रेसष्ट पडले होते, पल्लवीला अठ्ठावन्न. पेढे घेऊन आम्ही दोघी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात गेलो. पद्माबाई नुकतीच ताटावर बसली होती. तिनं पेढा हातात घेतला नाही. आधी विचारलं, त्या बाईचं काय लिवलं?

"खानावळ झाली म्हणून लिवलं, आई."

पद्माबाईनं ताट बाजूला सारलं.

"मग मास्तरीण होऊन पोरास्नी काय शिकवशील?"

पल्लवीला उत्तर देता आलं नाही. कळमनुरीच्या एका शाळेत मी आज वीस वर्षं इंग्रजी शिकवते. मलाही देता येत नाही.