तीन देशांची एकच रेघ

ऑनलाइन मीटिंग चालू असताना माझ्या चहाची वाफ सरळ वर चढली आणि वीतभर जाऊन अचानक डावीकडे वळली. पंखा बंद होता, खिडकीही लावलेली होती. ती का वळली ते मला सांगता येईना, आणि वारा कसा वाहील याचं गणित संगणकावर मांडणं हा तर माझा पोटापाण्याचा धंदा.

पडद्यावर मात्र सगळं सरळ होतं. खाडीवर व्हायच्या एका पुलाभोवती वारा कसा वाहील, हे आम्ही, जर्मनीनं आणि जपाननं वेगवेगळं काढलं होतं. तिन्ही रेघा एकमेकींवर अशा बसल्या होत्या, की एकच दिसत होती. सगळे खूश होते. मला ते खुपलं. सख्ख्या भावांचंसुद्धा इतकं जमत नाही.

या गणिताआधी हवेचे बारीक चौकोन पाडावे लागतात. त्याला आम्ही जाळी म्हणतो. मी विचारलं, "जाळी कुठली घेतलीत?"

जर्मनीच्या बाई हसल्या. "तुमचीच. सोयीसाठी तुम्हीच पाठवली होती ना?"

जपानच्या गृहस्थांनीही मान हलवली.

म्हणजे तिघांनी एकाच चष्म्यातून पाहिलं होतं, आणि चष्मा माझा होता. त्याचा नंबर चुकला असेल, तर तिघंही सारख्याच खात्रीनं चुकणार. पुलावरून जाणाऱ्या माणसांना ते कळणारही नाही.

वाफ आता उजवीकडे वळली होती.

"पुन्हा करू," मी म्हटलं. "या वेळी माझं काही घेऊ नका."

पडद्यावर कुणीच खूश दिसेना. तेवढ्यानं मला जरा बरं वाटलं.