खंय आसस गो?

आषाढातल्या एका शनिवारी माझा पासवर्ड चालला नाही. भाऊ जाऊन तेव्हा सात महिने झाले होते.

तो मालवाहू जहाजावर इंजिनाच्या कामाला होता आणि जहाजावरच हृदयविकारानं गेला. त्याआधी दोन वर्षं बंदराबंदरांतून तो मला ईमेल करायचा, इंग्रजी अक्षरांत मालवणी लिहून. त्रेचाळीस पत्रं. मी शाळेत मराठी शिकवत असे, त्यामुळे उत्तरात आधी त्याच्या चुका दाखवायचे, मग खुशाली विचारायचे. एकही पत्र मी छापून घेतलं नव्हतं. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की कट्टा गावच्या बाजारातल्या सायबर कॅफेत जाऊन ती पुन्हा वाचायचे.

चूक माझीच होती. आधीच्या आठवड्यात एक ईमेल आला होता : पासवर्ड कळवा, नाहीतर खातं बंद होईल. मी तो कळवला. वर आभारही मानले. आता माझ्या नावानं कुणीतरी ओळखीच्यांना भलत्याच जाहिराती पाठवत होतं. एक वहिनीच्या भावाकडे गेली. वहिनीनं मला विचारलं, "तू कधीपासून गो बारीक होवच्यो गोळ्यो इकूक लागलंस?" सात महिन्यांत ती पहिल्यांदा हसली. मला हसता आलं नाही. ज्याच्या हातात खातं, तो पत्रं केव्हाही पुसू शकत होता.

कॅफेवाल्यानं सांगितलं, गुप्त प्रश्नाचं उत्तर जुळलं तर खातं परत मिळेल. "पण बाईनू, तीन वेळा चुकलात तर दार बंद."

तो प्रश्न मी घातलेलाच नव्हता. भाऊ रजेवर असताना त्यानंच खातं उघडून दिलं होतं. त्या रकान्यापाशी त्यानं कीबोर्ड स्वतःकडे ओढला, काहीतरी लिहिलं आणि हसला. चोरानं पासवर्ड बदलला, पण हा प्रश्न बदलायचं त्याला सुचलं नव्हतं. पडद्यावर आलं : खंय आसस गो?

लहानपणी मला हाका मारून दमला की तो दारातून हेच विचारायचा, कुठे आहेस म्हणून, आणि मी ओ द्यायच्या आत स्वतःच उत्तर द्यायचा, "बुकात!"

मी सवयीनं 'पुस्तकात' लिहिलं. चुकलं. मग 'बुकात' लिहिलं, बी, यू, के, जसं लिहायला हवं तसं. तेही चुकलं.

मी कीबोर्डवरून हात काढून घेतले. हा शब्द त्याच्या पत्रांत कितीदा आला होता, आणि दर वेळी मी तो दुरुस्त करून पाठवला होता. तो इंग्रजीतलं बुक दोन ओ घालून लिहायचा आणि त्याला मालवणी शेपूट जोडायचा. अशानं दोन्ही भाषा बिघडतात, असं मी त्याला कळवलं होतं.

मी दोन ओ घातले.

खातं उघडलं. आधी नवा पासवर्ड दिला, मग पत्रं मोजली. त्रेचाळीस.

"गावला?" कॅफेवाल्यानं विचारलं.

"सगळा गावला," मी म्हणाले. बाजारात मी कधी मालवणी बोलत नसे, आणि इतक्या मोठ्यानं तर नाहीच. शेजारच्या मशीनवरची माणसं वळून बघू लागली. बघू दिलं.

सगळी पत्रं छापून घेतली, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पावसातून वहिनीकडे नेली आणि तिला वाचून दाखवली. एकही चूक दुरुस्त न करता.

तो कॅफे आता नाही. खातं आहे, प्रश्न तोच आहे, आणि कागद वहिनीच्या कपाटात आहेत.