भुरी घेऊन लालबागला

कोल्हापूरहून मुंबईला मी एका डब्यातला रोग पोचवायला निघाले. कॉलेजातली थंड खोली बंद पडली होती. गव्हावरची भुरी, म्हणजे पानांवर पिठासारखी पसरणारी बुरशी, माटुंग्याच्या एका प्रयोगशाळेत तरी जगली असती. ती बाटलीत भरून ठेवता येत नाही. तिला जिवंत पान लागतं, तेही गव्हाचंच. जवावर टाकली तर मरते. जवाची भुरी वेगळी. भुरीची ही जात जिवंत असलेली आमची शेवटची रोपं त्या डब्यात होती.

एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण डबा मांडीवर असेल तर झोप विसरा. प्रत्येक थांब्यावर मी बर्फाच्या पिशव्या चाचपत होते. परळला उतरले तोवर प्रयोगशाळा बंद झाली होती. मुक्कामाला लालबागला, आत्याकडे गेले.

नवरात्र होतं. आत्याच्या घटातला गहू हिरवागार. त्यावर भुरी पडली तर? मी डबा गॅलरीत ओल्या गोणपाटाखाली ठेवला, अंघोळ केली, कपडे बदलले, मगच देवीसमोर गेले.

"काय गो, डब्यात बॉम्ब हाडलंस काय?" आत्या हसली.

"आजारी रोपं आहेत, आत्या. आत नको आणू."

नीट समजवायचं त्राण नव्हतं. वरीचा भात आणि दाण्याची आमटी खाऊन आडवी झाले.

सकाळी पाहते तर आत्या गॅलरीत पाटावर. हातात कापूस, बाजूला आंबट ताकाची वाटी.

"माझ्या गुलाबावर पण अशीच पांढरी येते. ताकानं पुसली की साफ! एकेक पान पुसलंय बघ."

"मला चहा पण विचारला नाही हिनं," शेजारच्या काकू म्हणाल्या. "म्हणे, पोरीची रोपं आजारी."

पानं लखलखत होती. मी फक्त "थँक्यू" म्हणाले.

नवरात्रात माटुंग्याला टॅक्सीनेच जा. दादरच्या फुलबाजाराशी बस अडकते. प्रयोगशाळेतल्या सरांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. मी घडलं ते सगळं सांगितलं. "ठेवून बघू," एवढंच म्हणाले.

घरी आल्यावर आठवड्याने त्यांचा फोन आला. भुरीचा एकही ठिपका उगवला नव्हता. हिवाळ्यात शेतात भुरी मिळेल, पण हीच जात मिळेल का, कोण जाणे. थकवा अजून गेलेला नाही.

संध्याकाळी आत्याचा फोन.

"बरी झाली काय गो तुझी रोपं?"

शाळेत जाण्याआधी सगळी अक्षरं मला आईने घरीच शिकवली, आणि त्यांच्याबरोबर खोटं न बोलणंही.

"हो, आत्या," मी म्हणाले. "अगदी पूर्ण बरी झाली."