वणव्याची यादी

डोंगराला वणवा दर वर्षी लागायचा. होळीच्या आगेमागे गवत वाळून खडखडीत झालं की विडीचं एक थोटूक पुरे व्हायचं. बाळकुमच्या पुढे, घोडबंदर रस्त्याच्या अंगाला असलेल्या आमच्या गावातली माणसं त्याच्याकडे सवयीनंच बघायची. पण एका वर्षी डोंगराच्या कुशीतल्या एका पाड्यावरच्या झोपड्या जळाल्या, आणि पुढच्या थंडीत मामलेदार कचेरीतून कागद आला. डोंगरालगतच्या गावांनी तयारीत असावं, वेळ पडल्यास गाव खाली करावं, असं त्यात होतं.

मी त्या गावच्या शाळेचा मास्तर, घाटावरून आलेला. पाटलांनी कागद माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "मास्तर, आता तुमीच बघा." मला तेवढंच हवं होतं. पंचविशीतल्या माणसाला हुकूम सोडायला मिळाले की त्याला भूकतहान लागत नाही.

खरं तर तयारीतलं मला काही कळत नव्हतं. गाव आणि डोंगर यांच्यामधला गवताचा पट्टा गावकऱ्यांनी पौषातच, सकाळचं दव असताना, आपल्या हातानं जाळून घेतला. याला जाळरेषा म्हणतात. वणवा तिथवर आला की त्याला खायला काही मिळत नाही. पुरुषांनी हिरव्या डहाळ्या घेऊन तिथं उभं राहायचं, उडून आलेली ठिणगी झोडपायची, आणि बाकीच्यांनी खाडीकडच्या मिठागरात जायचं हेही त्यांनीच ठरवलं. मिठागरात पाणी आणि चिखल, जळायला काडी नाही. शाळेची घंटा न थांबता वाजली की निघायचं, एवढी एक सूचना माझी. तीही मी तीन वेळा समजावून सांगितली.

कागदावर शेवटचं कलम होतं, चालू न शकणाऱ्यांची यादी करावी. मी वही घेऊन घरोघर फिरलो आणि संध्याकाळी कोरी वही घेऊन परत आलो. सारा गाव जणू धडधाकट! ज्या घराच्या ओटीवर पाय लुळा पडलेली म्हातारी माझ्यासमोर बसलेली होती, त्या घरातही मला सांगण्यात आलं, "आमचे घरान तसा कोन नाय." त्यामागचं कारण त्या म्हातारीनंच सांगितलं.

"चालता येत नाय तर मना उचलनार कोन? चौघं जनं ना? चौघांनी उचलाया मी काय मेलेली हाय? आन तू नाव लिवून ठेवतंस!"

जिवंत माणसाला चौघांनी उचलायचं आणि त्याचं नाव आधीच कागदावर लिहायचं, याला त्या गावात अपशकुन म्हणत नसत, घात म्हणत. मी हसलो. मला तेव्हा अशा गोष्टींचं फार हसू यायचं. पण हसून यादी होत नाही. दुसऱ्या दिवशी मी वहीत मथळा बदलला. 'चालू न शकणारे' खोडून 'गाडीत बसणारे' लिहिलं आणि म्हातारीला म्हटलं, "आजी, चौघं नाहीत. बैलगाडी आहे. बैल दोनच."

"दोनच ना? मंग लिव."

मग यादी मारुतीच्या शेपटासारखी वाढायला लागली. पायात काटा मोडलेला एक तरणाताठा गडीही नाव सांगायला आला, त्याला मी हाकलला. छाटून छाटून अकरा नावं राहिली. तीन गाड्या ठरल्या, कोणत्या गाडीत कोण हे ठरलं, आणि मी गाडीवाल्यांना बजावलं की यादीबाहेरच्या कुणालाही घ्यायचं नाही, नाहीतर गोंधळ होईल.

बारावं नाव माझ्या आईचं असायला हवं होतं.

आई माझ्याजवळच राहायची. विहिरीवर पाय घसरून तिचं कमरेचं हाड मोडलं होतं आणि ते नीट जुळलं नव्हतं. भिंत धरून ती घरातल्या घरात फिरायची, उंबऱ्याबाहेर पडायला तिला माझा खांदा लागायचा. आमची खोली डोंगराकडच्या टोकाला, गावातली शेवटची. मी तिला विसरलो असतो तर बरं, पण विसरलो नव्हतो. एका संध्याकाळी तिच्यासमोरच वही उघडून बसलो होतो, टाक शाईत बुडवला होता, आणि हात पुढे जाईना. चौघं डोळ्यांसमोर आले. उद्या लिहू म्हणून मी वही मिटली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण! उद्या, परवा करता करता शिमगा आला आणि गेला.

वणवा एका दुपारी आला. समुद्राकडचा वारा डोंगर ओलांडून खाली येतो, त्याच्याबरोबर धूर आला आणि मागोमाग माथ्यावर जाळ दिसला. मी घंटा बडवली. आरडाओरडा झाला नाही. बायकांनी चुलीवर पाणी ओतलं, गुरं सोडली, पोरांना कडेवर घेतलं आणि सगळी मिठागराच्या वाटेला लागली. मी शाळेतली मुलं घेऊन त्यांच्याबरोबर गेलो.

गावातलं एक छप्परही जळालं नाही, हे आधीच सांगून टाकतो. वणवा जाळरेषेशी येऊन अडला आणि तासाभरात बसला. पण हे आम्हाला मिठागरात उभं राहून कळत नव्हतं. तिथून फक्त धूर दिसत होता, आणि तो माझ्या खोलीच्या बाजूला होता.

मी बांधावर उभा राहून वहीत खुणा करत होतो. पहिली गाडी आली, चार नावं. दुसरी आली, चार नावं. प्रत्येक गाडीत मी आईचं डोकं शोधत होतो. तिला कोण आणणार, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी शोधत होतो. माझ्याभोवती मुलं होती, त्यांना सोडून जाता येत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. तिसरी गाडी आली. अकरा पुरे झाले. त्या गाडीतली शेवटची उतरली ती लुळ्या पायाची म्हातारी. तिनं इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "मास्तर, तुमची आईस कुठं हाय?"

मी वही तिथंच टाकली आणि धावत सुटलो. मिठागरापासून माझी खोली मैलभर तरी असेल. धूर डोळ्यांत जात होता, आणि मी मोठमोठ्यानं रडत होतो, हे लिहायला मला आज लाज वाटत नाही.

आई उंबऱ्यात बसली होती. चूल विझवलेली, दाराला बाहेरून लावायचं कुलूप हातात, मांडीवर माझ्या धोतरांचं आणि तिच्या लुगड्याचं गाठोडं. अंगावर राख पडली होती, ती तिनं झटकलीही नव्हती. मला बघून म्हणाली, "किती घामेजलायस रे!"

मी धापा टाकत तिच्या खांद्यावरची राख झटकू लागलो. मग तीच सांगू लागली, शेजारीण आली-गेली सांगावं तशी.

"मघाशी एक गाडी थांबली होती. गाडीवाला म्हणाला, आई, तुमचं नाव यादीत नाय, पन बसा. मी म्हटलं, तू हो पुढे. गाडी उगाच जड कशाला करायची? यादी माझ्या मुलानं केलीय, माझी काहीतरी वेगळी सोय केली असेल त्यानं."

"हो," मी म्हणालो, आणि तिला पाठुंगळी घ्यायला खाली बसलो.