बाई, मॅडम आणि मागची लिफ्ट

एसटी कराडच्या स्टँडातून हलता हलता ह्यांनी खिडकीतून पेरूंची पिशवी आत दिली आणि म्हणाले, "आता मॅडम होऊनच ये." मी हसले. आमच्या कॉलेजातला माझा विषय यंदा बंद पडला. मुलं नाहीत म्हणून तास नाहीत, आणि तास नाहीत म्हणून मीही नाही. नवी मुंबईच्या एका विद्यापीठाला 'लिंगभाव आणि सामाजिक न्याय' शिकवायला अर्धवेळ माणूस हवं होतं, तेही तासिका तत्त्वावर (जेवढे तास शिकवाल तेवढ्याचाच मोबदला). आठवड्यातले दोन-तीन दिवस तिकडं, बाकी घरी, असं आम्ही ठरवून टाकलं होतं. हे हुकलं तर माझं शिकवणं कायमचं सुटणार होतं.

घाट उतरला तशी हवा चिकट झाली. पनवेल मागं पडल्यावर उजव्या हाताला डोंगर आणि डावीकडं इमारतीच इमारती. शहराला नावं ठेवायची तयारी करूनच निघाले होते मी, पण एवढे रुंद रस्ते आणि दुतर्फा झाडं बघून ती तयारी फुकट गेली.

सानपाड्याला उतरून मावसबहिणीची, सुनंदाची, सोसायटी शोधली. गेटवर वॉचमननं काय काम म्हणून विचारलं. मी ताठ मानेनं सांगितलं, "मी बाई आहे. मुलाखतीला आलेय."

आमच्याकडं शिकवते ती बाई. कॉलेजातली मिसरूड फुटलेली पोरंसुद्धा मला बाईच म्हणतात. वॉचमननं माझ्याकडं पाहिलं, पेरूंच्या पिशवीकडं पाहिलं आणि म्हणाला, "बाई लोक पीछे की लिफ्टसे."

मला वाटलं, वा! बायकांसाठी वेगळी लिफ्ट! केवढं सुधारलेलं शहर! उद्या मुलाखतीत हे आवर्जून सांगायचं असंही मनात ठरवून टाकलं.

मागच्या लिफ्टमध्ये एक बाई आधीच उभी होती, माझ्याच वयाची, पदर खोचलेली. तिनं मोकळेपणानं विचारलं, "नवीन का? कुणाकडं लागली तू?" मी म्हटलं, अजून कुठं, मुलाखत उद्या आहे. तिनं नाव सांगितलं शोभा, गाव जालन्याकडचं. मग म्हणाली, "महिन्यावर का तासावर?"

"तासावर," मी म्हणाले.

"मग सुट्टीचं आधी बोलून घे. मागून कोणी ऐकत नाही."

मी मान डोलावली. ही बया विद्यापीठातलं एवढं कसं जाणते, याचं नवल करतेय तोवर मजला आला आणि दार उघडलं.

सुनंदाला हे सांगितलं तर ती हसून हसून सोफ्यावर आडवी झाली. "अगं येडे, इथं बाई म्हणजे धुण्याभांड्याची बाई! शिकवणारी ती मॅडम." मग उठून इंटरकॉमवरून तिनं वॉचमनला चांगलं झापलं. मी कानकोंडी झाले. रात्री तिनं केलेले रवा लावलेले बोंबील आणि तांदळाची भाकरी खाल्ली, पण लक्ष जेवणात नव्हतं. मला राग कशाचा आला होता? वॉचमन चुकला म्हणून, की मला कामवाली समजला म्हणून? हे काही केल्या सुटेना.

सकाळी फार लवकर निघाले, म्हणून वाटेत सारसोळ्याच्या धक्क्यावर गेले. समोर खाडी, कडेनं तिवरं (खारफुटीची झाडं), पाण्यावर बांधून ठेवलेल्या होड्या. एक म्हातारी जवळा (बारीक कोळंबी) वाळत घालत होती. मला घाम पुसताना पाहून म्हणाली, "बस गो बाय, पानी हाय हितं." तांब्या पुढं केला. पाणी पिताना तिला विचारलं, बाय कोणाला म्हणता? ती म्हणाली, लेकीला, भैनीला, लाडाच्या कोणालाही. मला एकदम हलकं वाटलं.

मुलाखतीत आधी वर्गावर नमुन्याचा तास घ्यायचा होता. मागच्या बाकांवर निवड समितीचे तिघं. घरून लिहून आणलेल्या व्याख्या मी पिशवीतच ठेवल्या आणि फळ्यावर एकच शब्द लिहिला: बाई. विचारलं, तुमच्या घरी बाई कोण?

एक जण म्हणाला, आमच्याकडं बाई नाही, मम्मीच सगळं करते. वर्ग हसला. दुसरा म्हणाला, मुलगा रडला की त्याला बाई म्हणतात. मग खिडकीजवळची एक मुलगी, रोशनी, उभी राहिली. "मॅडम, माझी आई बाई आहे. पण घरी आम्ही तो शब्द वापरत नाही. ड्यूटीला गेली म्हणतो."

मी कालची लिफ्टची गोष्ट सांगितली, माझ्या रागासकट. धक्क्यावरची बाय सांगितली. एका शब्दानं कोणाला मान मिळतो आणि कोणाला मागचं दार, यावर तास कधी संपला कळलं नाही. रोशनी सगळ्यांत जास्त बोलली.

समितीतल्या एका सरांचं म्हणणं पडलं, की पारिभाषिक संज्ञा कमी आल्या. विभागप्रमुख बाई (हो, बाईच) म्हणाल्या की संज्ञा पुढच्या तासाला येतील, आणि मला विचारलं, "सोमवारपासून जमेल?" काही शंका आहे का, असंही त्यांनी विचारलं. मी सुट्टीचं विचारून घेतलं. सुट्टीत काही मिळत नाही, असं त्या ओशाळून म्हणाल्या. तरी मी हो म्हटलं. आनंदच एवढा झाला होता.

संध्याकाळी सुनंदाकडून बॅग घेऊन निघायच्या वेळी मागचीच लिफ्ट आधी वर आली. आत शोभा. "लागलं का काम?" मी म्हटलं लागलं, आणि मग सगळं खरं सांगितलं, की मी पोरांना शिकवणारी बाई आहे. ती तोंडावर पदर घेऊन हसली. मग म्हणाली, "आणि सुट्टीचं?"

"सुट्टीत काही नाही."

"मग आमच्यातलीच की तू," शोभा म्हणाली. गेटपर्यंत तिनं माझी पिशवी धरली. उरलेले पेरू मी तिला दिले.

कराडला उतरले तर हे स्टँडवर उभेच. सोमवारी परत ह्याच गाडीनं जायचं म्हणून मला स्टँडसुद्धा छान वाटत होता. माणूस घरून एक शब्द घेऊन निघतो आणि तो शब्द गावोगाव केवढा बदलतो, हे मला एवढ्याशा प्रवासानं शिकवलं. पण ह्यांना धीर कुठला. बॅग घेता घेता म्हणाले, "काय, झालीस का मॅडम?"

"नाही," मी म्हणाले. "बाईच घेतलीय त्यांनी."